हिरवीखालचा थेंब

जगात जी जी मोठी साम्राज्यं बुडाली, ती वादळानं बुडाली नाहीत, गळतीनं बुडाली. तिजोरी गळते, फौज गळते, दरबारातून एकेक विश्वासू माणूस गळतो, आणि शेवटी सिंहासनावर बसलेल्याच्या लक्षात येतं की बुडाखालची गादी सोडून बाकी सगळं वाहून गेलं आहे. हा सिद्धान्त मी पुष्कळ विचारान्ती मांडला आहे. त्याला पुरावा म्हणून माझ्यापाशी फारशी साम्राज्यं नाहीत. एक मोटार आहे. ती पनवेलला बळीराम घरताच्या पडवीत उभी होती आणि तिच्या पोटाखाली थेंब पडत होता.

स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती, पण पनवेलला रेल्वे आलेली नव्हती. बळीरामाचं कळंबोलीच्या खाजणाकडे मिठाचं आगर होतं. घर पनवेलात, खाडीच्या अंगाला, आणि त्याच घरातल्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहत होतो. मी मामलेदार कचेरीत कारकून असल्यामुळे मला सगळ्या विषयांतलं कळतं अशी त्याची समजूत होती. मी ती मोडली नाही.

बळीरामाला एकच मुलगी, वेणू. ती लोणावळ्याला दिलेली. तिला दिवस गेले, सातवा सरत आला, आणि पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज. शांतीनं, म्हणजे वेणूच्या आईनं, मागची खोली सारवून, बाज विणून, शेकशेगडीसुद्धा मांडून ठेवली होती. अडला होता तो व्याही.

व्याही धर्मराज म्हात्रे, रेल्वेतला निवृत्त इंजिनड्रायव्हर. सगळी हयात बोरघाटात गाड्या चढवण्या-उतरवण्यात गेलेली. त्यामुळे घाट हा आपल्या घरचा जिना आहे आणि त्यावरून कोणी कसं जायचं हे आपणच ठरवायचं, असं त्याला प्रामाणिकपणे वाटे. त्यानं आधी निरोप धाडला, "पोटुशी पोर मी एसटीत बसवणार नाही." तेव्हा बळीरामानं मुंबईच्या एका पारशी बाईकडून जुनी हिरवी मोटार घेतली. मग दुसरा निरोप आला, "मोटार आधी मी डोळ्यांनी बघणार. रविवारी येतो. पसंत पडली तर तिच्यातूनच परत येईन आणि तिच्यातूनच पोर पाठवीन. गळकं वाहन मी घाटात जाऊ दिलेलं नाही, जाऊ देणारही नाही."

हा निरोप आला मंगळवारी. बुधवारी सकाळी थेंब दिसला.

"भाऊसाहेब!" बळीरामानं मला दाढी अर्धी टाकायला लावून बाहेर आणलं. "ह्या बगा."

मी बघितलं. पडवीच्या सारवलेल्या जमिनीवर, मोटारीच्या मागल्या भागाखाली, पोळीएवढं ओलं झालं होतं. वरून थेंब लोंबला, विचार केल्यासारखा थांबला आणि पडला.

"पाऊस असेल," मी म्हणालो.

"पडवीत? कौलं नवी हायत माजी."

श्रावणाचा शेवट होता. पाऊस मधूनच येई, पण पडवी खरोखरच कोरडी ठणठणीत होती. हवा मात्र अशी दमट की वाळत घातलेलं धोतर दोन दिवसांनी काढलं तरी ते धुतल्याचं आठवावं.

आता मिठागरावरच्या माणसांची एक रीत सांगायला हवी. वाफ्यातलं पाणी आटून पिकलं की नाही हे ती माणसं यंत्रानं बघत नाहीत, जिभेनं बघतात. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं आणि निकाल द्यायचा. बळीराम दुनियेचा निकाल असाच देई. मोटार घेताना त्यानं त्या पारशी बाईसमोर इंजिनातल्या तेलात बोट बुडवून चाटलं होतं आणि "चांगला हाय" म्हणाला होता. बाई आत जाऊन पडून राहिल्या. सौदा त्यांच्या नोकरानं पुरा केला.

तर बळीराम उकिडवा बसला, थेंब बोटावर झेलला, जिभेला लावला, डोळे मिटले.

"तेल नाय. पेट्रोल नाय. ब्रेकचा पन नाय. पानी हाय. साधा पानी."

इतक्यात त्याची म्हातारी आई हौसा दारात आली. थेंबाकडे तिनं असं पाहिलं, जसं दूध नीट तापतंय ना म्हणून बाई चुलीकडे बघते.

"गळू दे रे," ती म्हणाली. "गळतंय तं बरा हाय."

"आये, तू घरान जा," बळीराम म्हणाला.

ती गेली. जाताना हसत होती असं मला वाटलं, पण तिला दातच नसल्यामुळे खात्री देता येत नाही.

मग दयाराम मिस्त्री आला. मुंबई-पुणे रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं, आणि हयातीत आपण कधीच चुकलो नाही हे तो दर भेटीत सांगे. "आपटा गावाला लग्नाची मोटार बंद पडली होती, साहेब. नवरा आत बसलेला. मी नुसतं बॉनेटवर थापटलं—" वगैरे. त्यानं वाकून बघितलं आणि उभा राहिला.

"पाणी ना? मग रेडिएटर. मोटारीत पाणी दुसरीकडे असतंच कुठं?"

"पण रेडिएटर पुढे आणि थेंब मागे," मी म्हणालो.

"पाणी चालतं, साहेब. चॅसीवरनं चालत मागं जातं. उताराकडं." कचेरीतल्या माणसाला उतार कळत नाही याचं त्याला वाईट वाटलेलं दिसलं.

रेडिएटर उतरवला, कथलानं झाळला, बसवला. थेंब चालू. उतार उलटा व्हावा म्हणून चौघांनी लोटून मोटारीचं तोंड फिरवलं. थेंब तरीही मागच्याच बाजूला. "आता चढावर चालतंय," मी म्हणालो. दयारामानं माझ्याकडे न बघता पाण्याचे रबरी पाइप बदलले. थेंब चालू. शेवटी त्यानं रेडिएटर पुरता रिकामा केला, इंजिनात पाण्याचा टिपूस ठेवला नाही, आणि आम्ही तिघं जमिनीला कान लावल्यासारखे पडून राहिलो.

टप्प.

दयाराम बाहेर आला, पाना खाली ठेवला, टायरवर बसला. मग म्हणाला, "काही गाड्यांना घाम येतो."

शुक्रवारपर्यंत बळीरामाची दशा पाहवेना. आगरावर जायला निघे, कोपऱ्यापर्यंत जाई, परत येऊन मोटारीखाली बघे. जेवता जेवता उठे. थेंब पडला की दचके, थोडा उशीर झाला की आणखी दचके. कोणी "काय, मोटार बरी का?" असं साधं विचारलं तरी हा "कोण बोलला तुला?" म्हणून अंगावर जाई. शांती मागल्या खोलीत एकदा सारवलेलं पुन्हा सारवत होती.

"पोर तिकडंच बाळंत झाली," ती मला म्हणाली, "तं ह्यो मानूस मोटारीखाली झोपंल आनि मी मोटारीवर दगड घालीन. मंग गळू दे काय गळाचा तो."

काही तरी शास्त्रीय करायला हवं होतं. मी पळसाच्या पत्रावळी आणवल्या आणि मोटारीखाली ओळीनं मांडल्या. जी पत्रावळ ओली होईल तिच्या बरोबर वर गळतीचं मूळ. न्यायालयात टिकावी अशी पद्धत. शनिवारी सकाळी जाऊन बघतो तर शेजारच्या भामाची बकरी पडवीत घुसलेली. तिनं ओल्या पत्रावळी तेवढ्या खाल्ल्या होत्या. कोरड्यांना तोंडही लावलेलं नव्हतं.

"पुरावा बकरीनं खाल्ला," मी म्हणालो.

"भामे!" बळीराम कुंपणावरून ओरडला. "बकरी बांद तुजी! चार दिस झालं, उटली की माज्या मोटारीखाली!"

"तुजी मोटार बांद!" भामा पलीकडून म्हणाली. "माजी बकरी काय गळत नाय!"

म्हणजे बातमी गावभर झाली होती.

रविवारी सकाळपासून आभाळ भरून आलं होतं, आणि थेंबानंही जोर धरला होता. गळती सापडत नाही म्हटल्यावर ती लपवायची असं ठरलं. कल्पना दयारामाची, तो म्हणाला, गॅरेजात हे शेवटचं औषध असतं. शांतीनं पितळेचं मोठं घंगाळ घासून दिलं. ते मोटारीखाली सरकवलं, काठाला आंब्याची पानं लावली, हळदकुंकू वाहिलं. कोणी विचारलं तर वाहनाची पूजा आहे म्हणायचं. दिसायला झकास झालं. फक्त थेंब पडला की देवळातल्यासारखा आवाज येऊ लागला.

टण्ण.

"फडकं घाला," मी म्हणालो. फडकं घातलं. आता नुसतं टप्प.

धर्मराज म्हात्रे एसटीतून उतरून आला तो तोंडावर उपरणं धरून. धिप्पाड माणूस, पांढऱ्या मिशा, रेल्वेचा काळा कोट. चेहरा मात्र कडवट आणि पिवळट. रामराम नीट घेतला नाही. चहा नको म्हणाला, पाणी नको म्हणाला, पडवीतल्या बाकावर बसून डोळे मिटले.

बळीरामानं मला कोपऱ्यात ओढलं. "तोंड बगितलाव? मोटार बगितली बी नाय आनि नापसंत!"

काही वेळानं पाहुण्यानं डोळे उघडले, उठला, मोटारीभोवती एक फेरी मारली. आम्ही तिघं त्याच्यामागून, अगदी देवाला प्रदक्षिणा घालावी तसे. थेंबाचा आवाज बुडवण्यासाठी तिघांनी एकदम बोलायला सुरुवात केली होती. दयाराम टायरांबद्दल सांगत होता, बळीराम यंदाच्या मिठाबद्दल, आणि मी, दुसरं काही न सुचल्यामुळे, मामलेदारसाहेबांच्या बदलीबद्दल.

"थांबा," धर्मराज म्हणाला.

आम्ही थांबलो.

टप्प.

जन्मभर इंजिनाचा आवाज ऐकलेले कान ते. तो वाकला, घंगाळ बाहेर ओढलं, फडकं दोन बोटांनी उचललं. फडकं ठिबकलं.

"ही कसली पूजा?"

मग बळीरामाचा बांध फुटला.

"व्याही, तुमची शपत, साधा पानी हाय! तेल नाय, ब्रेक नाय! ब्रेक एकदम घट्ट हाय! मी सोता चव घेतली. तुमी घ्या! घ्या चव!"

धर्मराजानं त्याच्याकडे बघितलं. मग घंगाळातल्या पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं. दुसऱ्याच क्षणी तो अंगणात जाऊन थुंकला.

"खारा हाय हा!" रेल्वेत शिकलेली सगळी शुद्ध भाषा त्या एका थेंबात वाहून गेली. "समुद्रान घातली व्हतीस काय रे मोटार?"

"खारा?" बळीरामाचा चेहरा खरोखरच गोंधळला. त्यानं पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा चाखलं. "हा खारा? आमच्या इहिरीचा पानी असाच लागतो."

मी चाखलं. मिठाचा नुसता अर्क होता. बळीरामाची जीभ हयातभर मिठागरात वावरलेली. वाफ्यातलं पिकलेलं पाणी सोडून जगातलं सगळं पाणी त्या जिभेला साधं. आणि आम्ही पाच दिवस त्या जिभेवर विसंबून रेडिएटर झाळत होतो.

"पण मोटारीत मीठ कुठून येणार?" मी विचारलं.

दयाराम म्हणाला, "विलायतेहून बोटीतनं आलेली गाडी, साहेब. समुद्राचं पाणी कुठं तरी आत राहिलं असंल."

याला धर्मराज काही उत्तर देणार, तेवढ्यात भामाची बकरी दावं तोडून आली. आमच्या पायांतून वाट काढून ती मोटारीखाली शिरली, मान वर करून एका जागी चाटायला लागली, आणि चाटताना तिची शेपटी अशी हलत होती की त्यापुढे माझी पत्रावळींची पद्धत काहीच नाही.

"मागल्या सीटखाली," धर्मराज म्हणाला. "उचला सीट."

दयारामानं मागचं दार उघडलं आणि सीटला हात घातला.

"हात लावू नका त्याला!"

हौसा दारात उभी होती. आता ती हसत नव्हती. पण सीट वर झालीच होती. खाली गोणपाटाचं एक भलं मोठं गाठोडं, काळ्या दोऱ्यानं बांधलेलं, चिंब ओलं. त्याच्यातून पाझरलेलं पाणी पत्र्यावरच्या भोकाकडे शांतपणे चाललं होतं. दयारामानं गाठ सोडली. आत आगरातलं मीठ, त्यात मोहऱ्या आणि लाल मिरच्या.

"आये," बळीराम हळूच म्हणाला, "हे काय?"

"सोडलास? झाला मंग. गेला गुन." म्हातारी उंबऱ्यावर बसली. "सांगितला तरी गुन जातो, म्हनून गप ऱ्हायले. नजर लागू नये म्हनून ठेवला रे. म्हशीला नाय का मी मीठ-मोहऱ्या ओवाळत?"

"म्हशीला मूठभर ओवाळतेस! हे पोतं हाय!"

"म्हशीत मानसा बसतात काय?" हौसानं विचारलं. "मोटारीची एक पायली. वेनूची मूठ, बाळाची मूठ, चालवनाऱ्याची मूठ."

"ही तर दीड पायलीसुद्धा झाली नाही," मी म्हणालो. कारकुनाला राहवत नाही. "बाकीचं?"

म्हातारीनं पदर नीट केला. कौलांकडे बघितलं. बळीराम एकदम घाईघाईनं म्हणाला, "जाऊ दे आये, नको सांगू."

पण धर्मराज पुढे झाला. "बोला मावशी. बाकीचं कोणाच्या नावाचं?"

"तुमच्या," हौसा म्हणाली.

धर्मराजाचा हात मिशीवर गेला.

"तुमचा निरोप आला ना, बगाला येतो म्हनून, त्याच दिशी ठेवला. तुमची नजर लै कडक, व्याही. लग्नान तुमी म्हनलात मांडव चांगला हाय, आनि पंगत बसाच्या आत मांडव बसला. तवा म्हनला, ह्या मानसाला मूठ नाय पुरनार. तीन पायल्या घातल्या." मग जरा समाधानानं पुढे म्हणाली, "आनि बगा ना, लागू पन झाला. नजर मिठान उतरते आनि पानी होऊन गळते. तुमी येनार तं सकाळधरनं कशी धार लागलीय!"

बळीरामानं डोळे मिटून घेतले. वेणूची बाज, शांतीची शेगडी, सारवलेली खोली, सगळं त्याला मिठागरात विरघळताना दिसत असावं. शांती स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक दातांत धरून उभी होती. दयाराम सरकत सरकत अंगणापर्यंत पोचला होता.

धर्मराजानं ओल्या मिठाचा एक खडा उचलला, बघितला, परत ठेवला. मग सगळ्या मोटारीखाली आडवा होऊन एकेक नळी हातानं चाचपली. ब्रेक दाबायला लावले, सोडायला लावले. बाहेर आला तो पाठीला चिखल घेऊन. हात पुसले आणि आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. प्लॅटफॉर्मवर उभा राहायचा तसा.

"रेल्वेत आमचा असा नियम," तो म्हणाला, "की डब्यातून तेल गळलं, तर दोष वाहनाचा. डबा काढून ठेवायचा. पण डब्यातल्या सामानातून काही गळलं, तर तो दोष सामानाचा. गाडी सुटते." उपरणं खांद्यावर टाकलं. "सामान नीट बांधा. पोर पाठवतो."

शांती आत पळाली. तिला रडायचं असावं. पण भांड्यांचा एवढा आवाज झाला की बहुधा तिनं स्वयंपाकालाच हात घातला. बळीराम व्याह्याच्या पाया पडायला वाकला आणि वाकलेलाच आहोत म्हणून सवयीनं मोटारीखाली एकदा बघून घेतलं.

मिठाचं काय करायचं यावर थोडी चर्चा झाली. फेकायचं नाही, यावर हौसा ठाम. मोटारीत मोकळं ठेवायचं नाही, यावर दयाराम ठाम. पत्रा गंजेल म्हणाला, आणि पाच दिवसांत त्याचं हे पहिलंच वाक्य खरं निघणार होतं. शेवटी लोणच्याच्या दोन चिनी मातीच्या बरण्या रिकाम्या केल्या, त्यांत नव्या काळ्या दोऱ्यानं पुन्हा सगळं बांधून भरलं. धर्मराज म्हणाला, माझ्या नावाची बरणी मीच सांभाळीन. हौसानं ती त्याच्या हातात दिली, आणि जास्तीची म्हणून वरून एक मूठ टाकली.

दोन प्रहरी मोटार अंगणात काढली. रेडिएटरात पाणी भरलं, ते कुठेही चाललं नाही. हार घातला, नारळ फोडला. बकरी भामाच्या ताब्यात दिली. हौसा चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवत फिरली. पहिल्या फेऱ्यालाच ते चिरडलं की वाटेतली पीडा टळते. दयाराम हँडल मारायला वाकला. कुंपणाला बायका उभ्या, पोरं झाडावर. मीसुद्धा टोपी घातली होती.

धर्मराज बरणी छातीशी धरून पुढच्या सीटवर जाऊन बसला. मोटारीकडे, रस्त्याकडे, घाटाच्या बाजूला दाटलेल्या ढगांकडे त्यानं एकदा बघितलं. सकाळचा तो पिवळट रंग हळूहळू परत त्याच्या चेहऱ्यावर चढायला लागला. खिडकीतून मान बाहेर काढून त्यानं हौसाला जवळ बोलावलं आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाला,

"मावशी, ह्या चाकाखालचं लिंबू चिरडायच्या आधी मला हुंगायला द्याल का? मला मोटार लागते."